हाडाचा गोश्त की बोनलेस?

दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हड्डीवाला देऊ की बोनलेस?" बोनलेस म्हणजे भारी आणि हाडाचा म्हणजे स्वस्तातला, असा आपल्या अनेक घरांत समज आहे. खरं तर दोघांची कामं वेगळी आहेत.

मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हणून इथे आपण बोलतोय ते म्हशी-रेड्याच्या गोश्ताबद्दल.

आधी हिशोब पाहू. समजा, हाडाचा गोश्त ३०० रुपये किलो आहे आणि किलोमागे पाव किलो हाड निघालं. म्हणजे ३०० रुपयांत पाऊण किलो मांस मिळालं. निव्वळ मांस ४०० रुपये किलो पडलं. बोनलेस ४०० च्या आत मिळत असेल, तर कीमा, कबाब, पसंदे यांच्यासाठी तोच परवडतो.

पण निहारी, शोरबा किंवा यखनी करायची असेल तर हाड वाया जात नाही. मंद आचेवर तासन्‌तास शिजताना हाडाभोवतीच्या चिवट भागाचं जिलेटिन होतं आणि रस्सा दाट होतो. नल्लीतला गूदा चव देतो, पण तो बहुतेक चरबीच असतो. डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितलेल्यांनी जपून खावा. यखनीतून भरपूर कॅल्शियम मिळतं, हे मात्र खरं नाही. ते फार थोडं उतरतं.

आपलं देवळाली कॅम्प म्हणजे इंग्रजांच्या काळापासूनची छावणी. कंबरेच्या आतल्या नरम मांसाला आपण 'अंडरकट' म्हणतो, तो शब्दही इंग्रजांचाच. स्टेक करायचा तर हाच भाग घ्यावा. टी-बोन स्टेकमध्ये मधे हाड, एका बाजूला अंडरकट आणि दुसऱ्या बाजूला पाठीचं मांस असतं. हाडाजवळचं मांस उशिरा शिजतं, त्यामुळे घाई केली तर तिथे कच्चं राहतं. बोनलेस तुकडा सगळीकडे सारखा शिजतो, पण म्हशीच्या मांसात चरबी कमी असल्याने तव्यावर जास्त वेळ ठेवला की कडक होतो. पाठीच्या किंवा रानाच्या तुकड्यांना कच्ची पपई थोडा वेळ लावून ठेवावी. नरम अंडरकटला तिची गरज नसते.

आता मुद्द्याची गोष्ट. बकरी ईदला मोठ्या जनावरात सात हिस्से असतात आणि ते तोलून वाटले जातात. काटा सारखा दिसला तरी एकाच्या वाट्याला हाडंच जास्त आली, तर वाटणी सारखी झाली का? म्हणून हाडाचा आणि बोनलेस गोश्त आधी वेगळा करावा आणि दोन्हींचे सात-सात भाग तोलावेत. पुढे आपल्या हिश्श्याचे घर, नातेवाईक आणि गरीब असे तीन भाग करतानाही तेच लक्षात ठेवावं. बोनलेस फ्रीजमध्ये आणि हाडं गरिबाच्या पिशवीत, असं होऊ नये. त्याच्या मुलांनाही कबाब आवडतात.