वेल्लोरची पगडी आणि बेंटिंकची सही

सतीबंदी म्हटलं की आपल्याला दोन नावं आठवतात, राजा राममोहन रॉय आणि लॉर्ड विल्यम बेंटिंक. शाळेच्या पुस्तकात ही नावं जोडीनं येतात, परीक्षेत दोन गुण मिळतात आणि विषय संपतो. पण हाच बेंटिंक त्याआधी एकदा, हिंदुस्थानी लोकांच्या धर्मभावना दुखावल्याच्या ठपक्यावरून गव्हर्नरपद गमावून मायदेशी परतला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. ज्या विषयात हात पोळले, त्याच विषयात बावीस वर्षांनी त्यानं पुन्हा हात घातला. तो कसा आणि का, हे समजून घेण्यासारखं आहे.

ड्यूकचा धाकटा मुलगा

विल्यमचा जन्म १४ सप्टेंबर १७७४ चा. वडील पोर्टलंडचे तिसरे ड्यूक. ते दोनदा इंग्लंडचे पंतप्रधान झाले. घर गडगंज, पण तिथल्या रिवाजाप्रमाणे किताब आणि इस्टेट थोरल्या मुलाकडं जायची. धाकट्यानं आपली वाट आपण शोधायची. विल्यमनं १७९१ मध्ये लष्कराची वाट धरली. फ्रान्सशी लढाया चालू होत्या. १७९९ मध्ये तो इटलीत रशियन सेनापती सुवोरोवच्या छावणीत ब्रिटनच्या वतीनं हजर होता. बढत्या भराभर मिळाल्या, त्यात घराण्याच्या वजनाचाही वाटा होताच. १८०३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर म्हणून तो हिंदुस्थानात आला, तेव्हा त्यानं तिशीही गाठली नव्हती.

एका पगडीपायी

मद्रासच्या फौजेचा सेनापती होता सर जॉन क्रॅडॉक. सगळे शिपाई एकसारखे, टापटीप दिसावेत या हौसेपोटी त्यानं नवे नियम काढले. कपाळावर गंध लावायचं नाही, कानात बाळी घालायची नाही, दाढी ठेवायची नाही आणि डोक्यावर नव्या पद्धतीची पगडी घालायची. या पगडीला चामड्याचा तुरा होता. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही शिपायांना ती पगडी म्हणजे फिरंग्यांची टोपी वाटली. आज टोपी, उद्या बाप्तिस्मा, अशी कुजबुज बराकींतून सुरू झाली. तरीही गव्हर्नर बेंटिंकच्या सरकारनं सेनापतीचीच बाजू उचलून धरली.

१० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी उठाव केला. टिपू सुलतानाची मुलं याच किल्ल्यात नजरकैदेत होती. त्यामुळं किल्ल्यावर म्हैसूरचं निशाण चढायला वेळ लागला नाही. शंभरावर गोरे सैनिक मारले गेले. जवळच्या अर्काटहून घोडदळ घेऊन कर्नल गिलेस्पी दौडत आला आणि त्यानं किल्ला परत घेतला. मग जो सूड उगवला गेला, त्यात शेकडो शिपाई प्राणांस मुकले. सत्तावनच्या पन्नास वर्षं आधीचा हा उठाव.

लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांनी १८०७ मध्ये क्रॅडॉक आणि बेंटिंक दोघांनाही परत बोलावलं. त्याच वर्षी बेंटिंकचे वडील दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले होते, तरीही हुकूम टळला नाही. आपल्यावर अन्याय झाला, असं बेंटिंकनं संचालकांना लांबलचक अर्जातून कळवलं, पण उपयोग झाला नाही. पुढं स्पेनमध्ये तो लढला, सिसिलीत ब्रिटिश फौजेचा प्रमुख झाला, पण वेल्लोरचा डाग त्याच्या मनातून गेला नाही.

पुन्हा हिंदुस्थानात

१८२८ च्या जुलैमध्ये तो कलकत्त्याला गव्हर्नर जनरल म्हणून उतरला. ब्रह्मदेशाच्या युद्धानं कंपनीची तिजोरी रिकामी झाली होती आणि खर्च कमी करा, असा वरून तगादा होता. त्यानं गोऱ्या अफसरांचा भत्ता काही ठाण्यांवर निम्म्यावर आणला. अफसर चिडले, इंग्रजी वर्तमानपत्रं तुटून पडली. हा माणूस उद्या ताजमहाल पाडून संगमरवर विकेल, अशी कंडीही पुढं पिकली. खरं तर लिलाव झाला होता आग्र्याच्या किल्ल्यातल्या काढून टाकलेल्या संगमरवराचा.

अशा वातावरणात सतीचा प्रश्न त्याच्या टेबलावर आला. १८१५ ते १८२८ या काळात एकट्या बंगाल इलाख्यात सतीच्या आठ हजारांवर घटना सरकारदरबारी नोंदल्या गेल्या होत्या. आधीच्या गव्हर्नर जनरलांनी हा विषय टाळला होता. हात लावला तर शिपाई बिथरतील, ही धास्ती. आणि शिपाई बिथरले म्हणजे काय होतं, हे बेंटिंकइतकं कुणाला ठाऊक होतं?

म्हणून या वेळी त्यानं आधी विचारून घेतलं. शिपायांमध्ये वावरलेल्या अनुभवी अफसरांना त्यानं गुप्तपणे पत्रं धाडली. उत्तरं आली ४९. सतीला अजिबात हात लावू नका, असं म्हणणारे निघाले फक्त ५. तत्काळ आणि उघड बंदी घाला, म्हणणारे २४. बाकीच्यांना प्रथा बंद व्हावी असं वाटत होतं, पण आडमार्गानं. खुद्द राममोहन रॉय यांचाही सल्ला सबुरीचाच होता. एकदम कायदा नको, पोलिसांकरवी अडचणी वाढवत न्याव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग बेंटिंकनं आकडे मांडले. १८२८ मध्ये इलाख्यात ४६३ सती गेल्या, पैकी ४२० बंगाल, बिहार आणि ओरिसात. फौजेतली भरती मात्र मुख्यतः वरच्या प्रांतांतली, जिथं हा आकडा जेमतेम ४३ होता. म्हणजे ज्या भागात प्रथा जोरात होती, तिथले लोक फौजेत नव्हते. उठावाचा धोका वाटतो तेवढा नाही, असा निष्कर्ष त्यानं ८ नोव्हेंबर १८२९ च्या टिपणात काढला. पण हिशोबावरच तो थांबला नाही. थांबवणं शक्य असताना हे चालू दिलं, तर त्या मृत्यूंचं पाप आपल्या माथी येईल, असंही त्यानं लिहून ठेवलं.

४ डिसेंबर १८२९ रोजी सतरावं रेग्युलेशन निघालं. सती जाण्यास मदत करणं हा मनुष्यवधाचा गुन्हा ठरला. बंगाली तर्जुम्यासाठी कागद श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याकडं गेला, तेव्हा त्यानं रविवारचं प्रवचन दुसऱ्यावर सोपवून दिवसभर लेखणी चालवली, असं सांगतात. एका दिवसाचा उशीर म्हणजेही कुणाचा तरी जीव. १८३० मध्ये मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही कायदा आला. थेऊरला रमाबाई पेशवे १७७२ मध्ये सती गेल्या, त्याला तेव्हा साठ वर्षंही झाली नव्हती.

शिपाई उठले नाहीत. विरोध झाला तो कागदावर. कलकत्त्याच्या सनातनी मंडळींनी आठशेच्या आसपास सह्यांचा अर्ज दिला, मग थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत धाव घेतली. तिथं १८३२ मध्ये अपील फेटाळलं गेलं.

बेंटिंक संत नव्हता. कंपनीची सत्ता टिकवणं हेच त्याचं काम होतं. म्हैसूरचा कारभार ताब्यात घेणारा आणि कुर्ग खालसा करणारा गव्हर्नर जनरलही तोच. १८३५ मध्ये तो परतला आणि १७ जून १८३९ रोजी पॅरिसमध्ये वारला. कलकत्त्यात व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात त्याचा पुतळा आहे. पुतळ्याच्या चौथऱ्यावर सतीचाच प्रसंग कोरलेला आहे.

त्याच्या कायद्यानं प्रथेचं कंबरडं मोडलं, पण तिचा गौरव करणारी मनं एका सहीनं बदलली नाहीत. १९८७ मध्ये राजस्थानातल्या देवराला गावी रूपकुंवर चितेवर जळाली आणि हजारोंचा जमाव तिथं चुनरी सोहळ्याला जमला. मग स्वतंत्र भारताला सतीच्या उदात्तीकरणाविरुद्ध नव्यानं कायदा करावा लागला. बेंटिंकनं दोनदा लोकांच्या रूढीला हात घातला. पहिल्यांदा पगडीसाठी, कुणाला न विचारता. दुसऱ्यांदा माणसाच्या जिवासाठी, सगळ्यांना विचारून आणि धोका पत्करून. शाळेतल्या दोन गुणांच्या उत्तरात हा फरक बसत नाही, पण मुलांना सांगण्यासारखं आहे ते हेच.