कपाट उभं केलं, पण भिंतीला बांधलं का?

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे आजोबा माझ्या दवाखान्यात आले. महिन्याभरापूर्वी त्यांच्या घरी ऑनलाइन मागवलेलं कपाट आलं होतं. फळ्या सुट्या येतात आणि आपण घरी जोडायच्या, त्या प्रकारचं. वर ठेवलेला बिस्किटांचा डबा काढायला मुलाने खालचे ड्रॉवर ओढले आणि त्यांवर पायऱ्यांसारखा चढला. कपाट पुढे झुकलं. सुदैवाने ते समोरच्या पलंगाच्या कडेवर अडकलं, म्हणून मूल पूर्ण दबलं नाही. खांद्याजवळचं कॉलर बोन मोडलं आणि कपाळाला खोक पडली, एवढ्यावर निभावलं.

आजोबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दोघांना हलत नव्हतं हो ते. पडेल असं वाटलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांनी खिशातून एक प्लॅस्टिकची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यात दोन लोखंडी पट्ट्या, काही स्क्रू आणि दोन प्लग होते. पुडी फोडलेलीही नव्हती. भिंतीला नवीन रंग दिला होता, भोकं पाडायला नको, म्हणून ती तशीच राहिली होती.

हा लेख त्या पुडीबद्दल आहे.

वजनदार कपाट पडतं कसं?

जड वस्तू पडत नाही, हा आपला समज चुकीचा आहे. कपाटाची उंची साधारण ६ ते ७ फूट असते आणि खोली जेमतेम दीड ते दोन फूट. रिकामं आणि बंद असताना त्याचा तोल सांभाळला जातो. दार उघडलं किंवा भरलेले दोन-तीन ड्रॉवर एकदम ओढले, की वजन पुढे येतं. त्यात १४-१५ किलोचं मूल पुढच्या कडेला लोंबकळलं, तर तोल जातो. कपाट जितकं जड, तितकी पडल्यावरची इजा मोठी.

आपल्या जुन्या घरांत कोनाडे आणि फडताळं भिंतीतच असायची. ती पडण्याचा प्रश्नच नव्हता. आताचं कपाट भिंतीपासून सुटं असतं, म्हणून ते भिंतीला बांधावं लागतं.

अमेरिकेत भिंतीला न बांधलेली ड्रॉवरची कपाटं अंगावर पडून मुलं दगावली. २०१६ मध्ये आयकिया कंपनीने तिथली सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली. पुढे कपाट सहज उलटू नये यासाठी तिथे कायदा झाला आणि २०२३ पासून नवीन नियम लागू झाले. आपल्या घरात मात्र ही काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

मुलाला नेमका धोका काय?

एक ते पाच वर्षांची मुलं चढायला शिकलेली असतात, पण धोका ओळखायला शिकलेली नसतात. कपाट अंगावर पडलं तर डोक्याला मार लागतो, हाडं मोडतात. पण सर्वांत मोठा धोका छाती दबण्याचा आहे. छाती दबली की मुलाला श्वास घेता येत नाही आणि रडताही येत नाही. शेजारच्या खोलीत असलेल्या आईला पडल्याचा आवाज येतो, पण मुलाचा आवाज येत नाही. काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

धोका वयस्कर माणसांनाही आहे. उठताना किंवा चक्कर आल्यावर हात आधारासाठी कपाटाच्या मुठीकडेच जातो.

जोडताना ही काळजी घ्या

- कपाट आडवं ठेवून जोडणार असाल तर आधी छताची उंची मोजा. २०० सेंमी उंच आणि ६० सेंमी खोल कपाट उभं करताना तिरकं होतं, तेव्हा त्याला सुमारे २०९ सेंमी जागा लागते.
- उभं करण्याआधी पंखा बंद करा.
- उचलायला किमान दोन मोठी माणसं हवीत. कंबरेत वाकू नका, गुडघे वाकवून उचला.
- मागची पातळ फळी वगळू नका. कपाट काटकोनात राहतं ते तिच्यामुळे. ती ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले पाहिजेत.
- फरशीला उतार असेल तर पायाखाली पाचर देऊन कपाट ओळंब्यात आणा. पुढे झुकलेलं कपाट लवकर पडतं.
- काम चालू असताना मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा. लहान स्क्रू गिळले जाऊ शकतात.

आधी भिंत ओळखा

स्क्रू किती घट्ट बसणार, हे भिंत ठरवते. वर्धा जिल्ह्यात एकाच गल्लीत तीन प्रकारच्या भिंती सापडतात. भोक पाडताना वरचं प्लास्टर संपल्यावर कसली भुकटी येते ते पाहा.

- लाल भुकटी: भाजलेली वीट. चांगली पकड मिळते.
- करडी भुकटी, ड्रिलला जोर लागतो: सिमेंट किंवा फ्लाय-अ‍ॅशची वीट. हीसुद्धा चालते.
- हलकी, पांढरट भुकटी, ड्रिल सहज आत जातं: हलके एएसी ब्लॉक. यांच्यासाठी वेगळे लांब प्लग मिळतात, तेच वापरा. ड्रिल हॅमरवर ठेवू नका.
- माती: मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही. कपाट लाकडी खांबाला किंवा तुळईला बांधा. ते जमत नसेल तर मूल मोठं होईपर्यंत उंच कपाटाऐवजी पेटी किंवा बुटकं कपाट वापरा.

भिंतीला बांधताना

- स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, तिथे वायर असू शकते. नळाच्या पाइपचाही अंदाज घ्या.
- पट्टी कपाटाच्या वरच्या भागात, दोन्ही बाजूंना लावा. ती मागच्या पातळ फळीत नव्हे, बाजूच्या किंवा वरच्या जाड फळीत स्क्रूने बसवा.
- प्लग नुसत्या प्लास्टरमध्ये राहता कामा नये, तो विटेत शिरला पाहिजे. दोन विटांमधला सांधाही टाळा.
- ड्रिल, प्लग आणि स्क्रू एकमेकांच्या मापाचे हवेत. भोकातली भुकटी फुंकू नका, ती डोळ्यांत जाते. ब्रशने काढा. चष्मा आणि मास्क लावा.
- शेवटी वरचा भाग हाताने पुढे ओढून पाहा. तो जराही हलता कामा नये.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती कूलरची. उन्हाळाभर कूलरची ओल लागली की भुशाच्या फळ्या फुगतात आणि स्क्रू सैल होतात. पावसाळ्यातल्या दमटपणानेही तेच होतं. म्हणून कूलरचा झोत कपाटावर येऊ देऊ नका आणि दरवर्षी उन्हाळा संपताना एकदा व पावसाळा संपताना एकदा स्क्रू तपासा. वाळवी दिसली तर दुर्लक्ष करू नका.

घर भाड्याचं असेल तर घरमालकांशी मोकळेपणाने बोला. घर सोडताना दोन भोकं पुट्टीने बुजवता येतात.

बांधल्यानंतरही जड सामान खालच्या कप्प्यात ठेवा. बिस्किटं, खेळणी, मोबाइल असं मुलांना खुणावणारं काही वर ठेवू नका.

कपाट पडलंच तर

१. मुलाला ओढून काढू नका. मदतीला हाक मारा, आधी कपाट उचला.

२. मूल प्रतिसाद देत नसेल किंवा श्वास नीट घेत नसेल तर १०८ ला फोन करा आणि स्पीकर चालू ठेवा.

३. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्या. प्रत्येक दाबाला छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश खाली गेली पाहिजे. दर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्या. मदत येईपर्यंत थांबू नका.

४. श्वास चालू असेल तर मान आणि पाठ न हलवता तसंच राहू द्या. पाणी किंवा खायला देऊ नका.

५. सुजलेल्या हातापायाला तेल लावून चोळू नका.

ताबडतोब रुग्णालयात कधी न्यावं?

मूल क्षणभर जरी बेशुद्ध झालं असेल, पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, नेहमीपेक्षा जास्त झोपाळू किंवा चिडचिडं वाटत असेल, झटका आला असेल, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येत असेल, श्वास घेताना त्रास होत असेल, पोट दुखत असेल किंवा लघवी लाल होत असेल, तर घरी थांबू नका. वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, जे जवळ असेल तिथे जा. आर्वी, आष्टी, कारंजाकडून यायला वेळ लागतो, म्हणून १०८ ला आधी फोन करा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात प्राथमिक उपचार घ्या.

छाती किंवा पोट दबलं असेल तर वरून काही दिसत नसलं तरी डॉक्टरांना दाखवाच. डोक्याला किरकोळ मार असला तरी पुढचे २४ ते ४८ तास मुलावर लक्ष ठेवा.

तो मुलगा आता बरा आहे. त्याच्या वडिलांनी कपाट पुन्हा उभं केलं आणि त्याच दिवशी भिंतीला बांधलं. तुमच्या घरातली पुडी कुठल्या ड्रॉवरमध्ये पडली आहे, ते आज संध्याकाळी पाहा. सापडली नाही तर हार्डवेअरच्या दुकानातून दोन एल आकाराच्या पट्ट्या आणा. जमत नसेल तर सुतार बोलवा. भिंतीला बांधलं, तेव्हाच कपाट जोडून झालं असं समजा.