तीनपैकी एक सिलिंडर गप्प

सिग्नलला उभ्या गाडीचं स्टिअरिंग थरथरतंय, चढावर पिकअप मिळत नाही, सायलेन्सरमधून तुटक फटफट ऐकू येतेय. गॅरेजमध्ये याला म्हणतात, ‘गाडी मिसिंग मारतेय.’ म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. मारुती ८००च्या ७९६ सीसी इंजिनाला सिलिंडर तीनच. एक बसला की जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद गेली.

इथे बरेच जण आधी प्लग, मग वायरी, मग इंजेक्टरची सफाई असा खर्च करत सुटतात. त्याआधी नेमका कोणता सिलिंडर गप्प आहे ते शोधावं. नव्या गाड्यांत स्कॅनरवर पी०३०१, पी०३०२ असे कोड येतात. शेवटचा आकडा सिलिंडरचा. स्कॅनर नसेल, तर इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन आणखी अडखळतं. ज्याचा काढूनही काही फरक पडत नाही, तो आपला. चालू इंजिनाची प्लग वायर उपसण्याची जुनी रीत मात्र सोडून द्या. तिथे हजारो व्होल्ट खेळत असतात आणि कॉइलही जाऊ शकते.

आता त्या सिलिंडरचा प्लग काढायचा, तोही इंजिन गार झाल्यावर. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर आटे जातात. भोवतीची धूळ आधी हवेने उडवा, नाहीतर ती सरळ आत पडते.

प्लगचं टोक उजेडात धरा. फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. एअर फिल्टर चोंदलाय का पाहा. काळा, तेलकट, ओला थर असेल तर ऑइल वर येतंय. पांढराफटक, फोड आलेला प्लग जास्त तापलेला असतो. आणि नुसत्या पेट्रोलने भिजला असेल, तर बहुधा ठिणगीच पडत नाहीये. अशा वेळी तो प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. मिसिंग त्याच्यामागे गेलं तर प्लग खराब. जागेवरच राहिलं तर वायर किंवा कॉइल.

पावसाळ्यात वायरींवर संशय आधी घ्यावा. रात्री अंधारात बॉनेट उघडून, अंतरावरून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला, तर चिरलेल्या जागी निळसर ठिणग्या सरसरताना दिसतात. हात मात्र लांब ठेवा.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी सिलिंडर गप्प? मग कॉम्प्रेशन गेज लावून मोजा. सगळे प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवा, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा. एकाच सिलिंडरचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आलं, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. जैसे थे राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. पण हेड उतरवायची घाई नको. ८००मध्ये टॅपेटची फट संपून व्हॉल्व्ह किंचित उघडा राहत असेल, तर फीलर गेज, पाना आणि स्क्रूड्रायव्हरवर काम भागतं.