गुहेच्या तोंडाशी गाईड ‘नाही’ म्हणाला : सी कयाकिंग आणि भरतीचं गणित

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

सुरुवात एका कबुलीने करतो. फेब्रुवारीत मी एका माणसाला एक स्टार देणार होतो. रिव्ह्यू टाईप करून झाला होता, फक्त पोस्ट करायचा बाकी होता. ‘पूर्ण पैसे घेतले आणि गुहा बाहेरूनच दाखवली.’ खोटं काहीच नव्हतं त्यात. तरीही तो रिव्ह्यू का टाकला नाही, तोच आजचा विषय आहे.

आमची ठाकुरवाडी डोंगराच्या पायथ्याशी. कर्जत-खालापूर पट्ट्यात ठाकुरवाड्या काही कमी नाहीत, त्यातलीच एक. आमचा जिल्हा रायगड, म्हणजे कागदावर आम्ही समुद्रकिनाऱ्याच्या जिल्ह्यातले. पण पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यापुढे येतो तो ओढा, धबधबा, नाहीतर नदी. भरती-ओहोटी आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचली, दोन मार्कांसाठी. मी पुढे बीटेक केलं, आता कोड लिहितो, आणि रील बघून मला वाटलं की कयाक घेऊन समुद्रातल्या गुहेत जायचंच. चुलतभाऊ म्हणजे आमचा दादा, मी आणि ऑफिसचे दोघं, असे चौघं दक्षिण गोव्यात काणकोणला गेलो. पाळोळ्याच्या किनाऱ्यावर गाईड घेऊन कयाकिंग करता येतं. किनाऱ्याच्या टोकाला खडकाळ डोंगर समुद्रात उतरलाय, तिथे प्रचंड धोंडे एकमेकांवर रेलून उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये कपारी आहेत. काही कपारी कयाक आत शिरेल एवढ्या. अगदी मोठी गुहा म्हणता येणार नाही, पण रीलमध्ये गुहाच वाटते.

गाईडने आदल्या दिवशी सांगितलं होतं, पावणेसातला किनाऱ्यावर या. आम्ही साडेआठला पोचलो. का, ते विचारू नका. गोवा होतं.

कपारीपाशी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. गाईडने वल्हं आडवं मांडीवर ठेवलं, कयाक समुद्राकडे तोंड करून वळवली आणि नुसता बसून राहिला. दहा मिनिटं. मला वाटलं, दमला असेल. मग म्हणाला, “आज भितर ना.” म्हणजे आज आत नाही. मी म्हटलं, अहो समुद्र तर तळ्यासारखा शांत आहे! तो काही बोलला नाही. दोनेक मिनिटांत बाहेरून तीन लाटा आल्या, एकामागे एक. फार मोठ्या नाहीत, गुडघ्याएवढ्या. आमच्या कयाक फक्त वरखाली झाल्या. पण त्याच लाटा कपारीत शिरल्या आणि आतून ‘धप्प’ असा आवाज आला. दार जोरात आपटावं तसा. आणि तोंडातून पाण्याचा फवारा बाहेर.

मी तरीही चिडलेलोच होतो. पैसे गेले ना!

परतल्यावर शॅकमध्ये बसून रिव्ह्यू टाईप केला आणि दादाला वाचून दाखवला. दादा पावसाळ्यात आमच्या भागात ट्रेकर्सना डोंगरावर घेऊन जातो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मागच्या पावसात ओढा चढला म्हणून मी लोकांना धबधब्याखाली जाऊ दिलं नाही. ठरलेल्या पैशातले तीनशे कापले त्यांनी. तुझ्यासारखाच एक होता, लॅपटॉपवाला.” एवढं बोलून तो भजी खायला लागला.

रिव्ह्यू ड्राफ्टमध्येच राहिला. त्या रात्री मी भरतीचं गणित काढून बसलो, आणि आपण किती वेडे होतो ते आकड्यात दिसलं.

चला, आता गणित. घाबरू नका, पाचवीचं आहे.

चंद्रामुळे समुद्राला दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. पण चंद्राचा दिवस आपल्या दिवसापेक्षा जवळजवळ पन्नास मिनिटांनी मोठा, म्हणून भरतीची वेळ रोज तेवढी पुढे सरकते. ‘मागच्या शनिवारी आम्ही आठ वाजता गेलो होतो, काही झालं नाही’ या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही. मागचा शनिवार वेगळा होता. आपल्या कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांकडे यासाठी ॲपपेक्षा जुनी युक्ती आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. ही मुंबई-अलिबागकडची वेळ. गोव्यात भरती त्याआधी येते, त्यामुळे तिथे त्या बंदराचा तक्ताच बघायचा. पण अंदाज म्हणून काय सुंदर फॉर्म्युला आहे! एका ओळीचं फंक्शन.

दुसरी गोष्ट, सगळ्या भरत्या सारख्या नसतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढतात, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास फरक कमी, ती भांगाची भरती. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या बातम्या येतात ना, त्या उधाणाच्याच. गोव्यात हा चढउतार बराच कमी, उधाणालाही साधारण दोन मीटरच्या आसपास. आम्ही गेलो तो दिवस पौर्णिमेनंतरचा होता. म्हणजे उधाण.

आणि आता खरी गंमत. ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी सहाएक तास चढतं, पण एकसारखं चढत नाही. नाविकांचा एक जुना ठोकताळा आहे. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. बेरीज करून बघा, बारा येते. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी येतं.

आमच्या दिवसाला हे लावू. ओहोटी पहाटे साडेपाचच्या सुमारास. वेळेवर गेलो असतो तर साडेसातला कपारीपाशी असतो. दोन तास झालेले, बारापैकी तीन भाग, म्हणजे दोन मीटरमधलं जेमतेम अर्धा मीटर पाणी वाढलेलं. आम्ही पोचलो नऊ-सव्वानऊला. तोवर बारापैकी जवळजवळ आठ भाग, एक मीटर तीसच्या आसपास. फरक ऐंशी सेंटिमीटर. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यापासून मीटरभरच वर असतं. कपारीचं छत तर जागचं हलत नाही! वर अजून पाणी चढतच होतं, सगळ्यात वेगाच्या तासात. आत शिरलो तेव्हा होती ती जागा बाहेर पडताना असेलच, याची खात्री कोण देणार? प्रॉडक्शनवर डिप्लॉय करायचं आणि रोलबॅक नाही, असा प्रकार.

कुणी म्हणेल, पाणी चढलं तर चढलं, लाईफ जॅकेट आहे ना. जॅकेट हवंच, त्यात वाद नाही. पण उघड्या समुद्रात जे जॅकेट तुम्हाला वर ठेवतं, तेच बुटक्या छताखाली तुम्हाला छताला चिकटवतं. बुडी मारून बाहेर निघू देत नाही. म्हणून गुहेत जायचं तर हेल्मेट लागतं. आणि ‘समुद्र शांत दिसतोय’ हे मत गाईडचं असेल तरच ऐकायचं.

शांत दिसणाऱ्या समुद्राचं एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे, तेही जमिनीवर उभं राहून बघता येतं. गुहागर तालुक्यात हेदवीला समुद्राकाठी उमामहेश्वराचं देऊळ आहे. तिथून जवळच खडकात एक लांब, अरुंद चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीला लाट त्या चिरेत घुसते आणि आतून पाण्याचा उंच स्तंभ उडतो. कारण साधं आहे. रुंद तोंडातून आत आलेल्या पाण्याला पुढे जागा कमी कमी होत जाते, मागची लाट ढकलत असते, मग ते वर उसळतं. वर छत असेल तर पाण्याच्या आणि खडकाच्या मध्ये हवा अडकते, दाबली जाते आणि फुटल्यासारखी बाहेर पडते. आमच्या कपारीतला ‘धप्प’ तो हाच. शिवाय आतल्या भिंतीवर आपटून परतणारी लाट येणाऱ्या लाटेला भिडते, आणि त्या दोघींच्या मध्ये तुमची प्लास्टिकची कयाक. बामणघळ बघायला जाल तर लांबूनच बघा, काठावरचा खडक ओला आणि निसरडा असतो.

मग गाईड दहा मिनिटं नुसता का बसला होता? लाटा मोजत होता. समुद्राच्या लाटा टोळीने येतात. बराच वेळ लहान लहान, मग दोन-चार मोठ्या. तुम्ही दोन मिनिटं बघून ‘शांत आहे’ म्हणालात तर तुम्ही फक्त मधला आराम बघितलात. या लाटा तिथल्या वाऱ्याच्याच असतात असंही नाही. अरबी समुद्रात वारा पडलेला असतानाही पार दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांचे लांब हेलकावे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोचतात. केरळचे मच्छीमार त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही सरकारी संस्था लाटांची उंची आणि दोन लाटांमधला वेळ यांचा अंदाज रोज देते, मोबाईलवर फुकट. दोन लाटांमधला वेळ जास्त म्हणजे लाट लांबून आलेली आणि पोटात जास्त पाणी घेऊन आलेली. उंची कमी दिसली तरी कपारीत तीच त्रास देते.

सकाळची वेळ देण्यामागे आणखी एक कारण असतं, वारा. शाळेतले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. सकाळी वारा मंद किंवा जमिनीकडून, दुपारनंतर समुद्रावरून जोरात. आम्ही दोन्ही बाजूंनी उशीर केला.

आपल्या भागातल्या मित्रांसाठी सोपं करून सांगतो. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलंय ना? ती नदी पाणी सोडल्याशिवाय चालत नाही. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं तेव्हाच राफ्ट निघते, आणि तिथे कुणी भांडत नाही की आत्ताच का, दुपारी का नाही. आपल्या खोपोलीचं वीजघरही १९१५ पासून चालू आहे आणि त्याचं पाणी पाताळगंगेत जातं. नदीचं घड्याळ वीजघरात असतं हे आपल्याला पटतं. समुद्राचं घड्याळ चंद्राकडे आहे, हे मात्र पैसे भरल्यावर पटत नाही.

जगात जिथे हा प्रकार सगळ्यात मुरलाय, तिथे तर अख्खी सहल घड्याळावरच चालते. थायलंडच्या फांग-नगा उपसागरात चुनखडीच्या बेटांच्या पोटात बंद तळी आहेत, त्यांना होंग म्हणतात. आत जायची वाट एखाद्या गुहेतून. पाणी जास्त असेल तर छत टेकतं, फार कमी असेल तर तळ लागतो. मधल्या थोड्या वेळात, कयाकमध्ये पाठीवर आडवं पडून, नाकासमोरून खडक सरकताना बघत आत जायचं. वेळ संपायच्या आत गाईड बाहेर काढतो. फोटो राहिला तर राहिला.

‘महाराष्ट्रात अशी गुहा आहे का’ असं काहीजण विचारतील. वेंगुर्ल्याच्या समुद्रात वेंगुर्ला रॉक्स आहेत, दीपगृह असलेले खडक. तिथल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळी हा पक्षी लाळेने घरटं बांधतो. त्या घरट्यांचं सूप परदेशात महाग विकलं जातं, म्हणून त्यांची चोरी व्हायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ती थांबवण्यासाठी काम केलंय. पण ते खडक किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत, उघड्या समुद्रात आहेत. आपल्यासारख्यांनी कयाकचं स्वप्न तिथे नेऊ नये, पाकोळ्यांनाही बरं. नवशिक्यांसाठी तारकर्लीजवळ कर्ली नदीतलं, कांदळवनातलं कयाकिंग उत्तम.

तरी समुद्रात जायचंच असेल, तर बुकिंगच्या फोनवर मी आता काय विचारतो ते सांगतो. आधी विचारतो, त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे? समोरच्याने लगेच वेळ सांगितली तर निम्मं काम झालं. ‘कधीही या, समुद्र आपलाच आहे’ म्हणाला तर फोन ठेवतो. मग, आत कसं नेता? जाणकार गाईड आधी स्वतः जातो, मग एकेकाला नेतो, बाकीचे बाहेर थांबतात. बऱ्याचदा कयाक उलटी, मागच्या टोकाने आत घेतात, म्हणजे तोंड समुद्राकडे राहतं, येणारी लाट दिसते आणि बाहेर पडताना वळावं लागत नाही. हेल्मेट आहे का? कयाक वरून उघडी आहे की बंद? उघडी उलटली तर परत चढणं सोपं. महाराष्ट्रात असाल तर नोंदणी विचारा, २०२१ पासून राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण आहे आणि त्यात पाण्यावरचे खेळही येतात. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सेव्ह करून ठेवा, आणि फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, गळ्यात.

आणि शेवटचा प्रश्न: तिथे जाऊन आत नाही नेलं तर पैशाचं काय? हे आधीच बोलून घ्या. गाईडचे पैसे गुहा दाखवण्यावर अडकलेले असतील तर ‘नाही’ म्हणताना त्याचा हात खिशाकडे जाणार. दादाचे तीनशे असेच गेले. आता आमच्या वाडीतली पोरं पावसाळ्यात आधीच सांगतात, ओढा चढला तर मागे फिरायचं, पैसे पूर्ण. गेल्या सीझनला दोन ग्रुप हे ऐकून आलेच नाहीत. दादा म्हणाला, नको येऊ देत.

काणकोणच्या त्या गाईडला मी नंतर मेसेज केला, पुढच्या वेळी कधी येऊ? त्याने तारीख पाठवली. अष्टमी होती. खाली लिहिलं होतं, सकाळी पावणेसात, आणि पुढे तीन उद्गारचिन्हं.

तुमच्या गावाजवळच्या बंदराचा भरतीचा तक्ता कसा वाचायचा, त्यावर छोटा एपिसोड करतोय. तोवर तिथीची पाऊणपट करून बघा आणि उत्तर तक्त्याशी जुळलं का ते मला कळवा. भेटू!