सोरायसिस : नवं संशोधन काय सांगतं?

गेल्या गणेशोत्सवात मोदक वळायला आम्ही सगळे जमलो होतो, पण दरवर्षी पुढे असणाऱ्या एक काकू लांब खुर्चीवर बसून राहिल्या. हातांवर चट्टे उठले होते. "उगाच कुणाला किळस नको," म्हणाल्या. आम्ही तिघं-चौघं सॉफ्टवेअरवाले, डॉक्टर नव्हे. तरी या वर्षीचा निधी त्वचारोगाच्या रुग्णांसाठी आहे म्हटल्यावर वाचायला बसलो, ते काकूंमुळेच.

सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. काकूंच्या हातचा मोदक खाऊन कुणालाही काही होत नाही! अस्वच्छतेशी किंवा 'रक्त बिघडण्याशी'ही त्याचा संबंध नाही.

निरोगी त्वचेत पेशी तळातून वर येऊन झडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम काही दिवसांत उरकतं आणि खवले साचतात. पूर्वी दोष त्वचेचाच मानत. मग १९७९ साली गंमत झाली. अवयवरोपणात वापरलं जाणारं सायक्लोस्पोरिन सांधेदुखीच्या काही रुग्णांना दिलं, तर त्यांचे सोरायसिसचे चट्टेही गेले. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणजे गडबड तिथे होती.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा न थांबणारा लूप आहे. प्रतिकारशक्तीच्या काही पेशी इंटरल्यूकिन-२३ नावाचा निरोप पाठवतात, त्यावर टी पेशी इंटरल्यूकिन-१७ सोडतात, त्वचा भराभर वाढते आणि सुजलेली त्वचा पुन्हा त्याच पेशींना बोलावते. सायक्लोस्पोरिन म्हणजे अख्खा सर्व्हर बंद करणं. किडनीवरही ताण येतो. नवी इंजेक्शनं नेमका एकच निरोप अडवतात. १७ अडवणारं पहिलं औषध अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालं, फक्त २३ अडवणारं २०१७ साली. या दुसऱ्या गटाच्या मोठ्या चाचण्यांत १६ आठवड्यांत दहापैकी साधारण सात जणांचा आजार ९० टक्के किंवा जास्त ओसरला.

कायमचा इलाज मात्र अजून नाही. औषध थांबवलं की चट्टा बऱ्याचदा त्याच जागी परत येतो, कारण काही टी पेशी तिथेच मुक्काम ठोकून असतात. त्यांना कसं हलवायचं, यावर सध्या संशोधन चालू आहे.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी. गोऱ्या त्वचेवर लाल दिसणारा चट्टा सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा राखाडी दिसतो, त्यामुळे निदान चुकू शकतं. काकूंना आधी गजकर्णाचं मलम मिळालं होतं. दुसरं, भारतात वाढलेल्या अनेकांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात. काही इंजेक्शनांनी, विशेषतः टीएनएफ अडवणाऱ्या जुन्या गटातल्या, ते जागे होऊ शकतात, म्हणून आधी तपासणी करतात. बीसीजी टोचलेली असेल तर हातावरची चाचणी फसवू शकते. रक्ताची चाचणी मागा.

राहिला खर्च. यादीतली किंमत वर्षाला हजारो डॉलर! त्या जुन्या गटातल्या अ‍ॅडालिम्युमॅबची स्वस्त आवृत्ती अहमदाबादच्या झायडसने भारतात २०१४ सालीच आणली. अमेरिकेत पेटंटच्या भानगडीत ती यायला २०२३ उजाडलं. निधी लागतो तो इथे, विमा आणि खिसा यांच्यामधल्या फटीत.

काकूंची टीबीची चाचणी झाली आहे. विम्याचे फॉर्म भरायला आम्ही शनिवारी त्यांच्याकडे जाणार आहोत. थालीपीठ करते म्हणाल्यात.