डबे मोजताना आपलाही मोजा

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा पुन्हा भरू लागल्या. इकडे शेतात कापसाची वेचणी चालू आहे, कुठे रब्बीची खुरपणी, कुठे ऊसतोड. म्हणजे पोरांनाही सकाळी बाहेर पडायचं आणि आपल्यालाही. पाणी भरायचं, गोठा बघायचा, लेकीच्या वेण्या घालायच्या आणि त्याच दीड तासात डबेही भरायचे. घाईत काही सुचलं नाही की आपण पोराच्या हातावर दहा रुपये ठेवतो आणि म्हणतो, "घे काहीतरी दुकानातून." आजच्या गप्पा या डब्याविषयीच. तो कमी वेळात कसा होईल, त्यात काय असावं आणि तो कुणाकुणाला मिळायला हवा, असं तीन भागांत बोलू या.

आधी थोडं डब्यांची गरज कुणाला जास्त आहे ते पाहू. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारचं जेवण शाळेत मिळतं. नववीपासून ते बंद होतं. आपल्या बऱ्याच गावांत शाळाही आठवीपर्यंतच असते. पुढे लेक एसटीने दुसऱ्या गावाला जाते. सकाळी सातला घरातून निघाली की परत यायला संध्याकाळ होते. याच वयात तिची पाळी सुरू झालेली असते, उंची वाढत असते, म्हणजे शरीराला लोह आणि प्रथिनं जास्त लागतात. शाळेतलं जेवण थांबतं नेमकं तेव्हा. तिचा डबा रिकामा गेला तर दिवसभर ती चहा-बिस्किटावर किंवा वडापाववर काढते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे गटाच्या बैठकीला वीस जणी बसलो, तर दहा-अकरा जणी त्यातल्याच. यात आपणही आलो आणि आपल्या लेकीही. जिना चढताना दम लागणं, चक्कर येणं, अभ्यासात मन न लागणं, माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, या तक्रारी असतील तर "हल्लीच्या पोरी नाजूकच" म्हणून सोडून देऊ नका. आशाताईंना सांगा, उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमीच धरतात. रक्त फार कमी झालं असेल तर नुसत्या जेवणाने भरून निघत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात ती लोहाचीच. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, मग मुली ती फेकून देतात. डबा खाऊन घेतली की त्रास कमी होतो. म्हणून गोळी अंगी लागायलाही डबा हवाच.

आता डब्यात काय असावं? आम्ही तीन गोष्टी सांगतो, त्या बोटांवर मोजा. पहिली धान्याची: भाकरी, पोळी, थालीपीठ किंवा भात. दुसरी डाळीची: उसळ, झुणका, डाळ घातलेली भाजी किंवा शेंगदाण्या-तिळाची चटणी. तिसरी आंबट: लिंबाची फोड, आवळा, पेरू किंवा बोरं.

धान्य आणि डाळ सोबत का, तर धान्याच्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी ते धान्यात. दोन्ही मिळून अंगाला पुरं पडतं. नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला तर पोट भरतं, पण ही भरपाई होत नाही.

आणि आंबट कशासाठी? बाजरी, मटकी, मेथी यांत लोह असतं, पण त्यातलं थोडंच अंगात उतरतं. सोबत 'क' जीवनसत्त्व असेल तर ते जास्त उतरतं. ते आवळ्यात, पेरूत, लिंबात असतं आणि या दिवसांत आवळे-पेरू दारात मिळतात. लिंबू मात्र भाजी शिजताना पिळू नका, उष्णतेने ते जीवनसत्त्व जातं. फोड वेगळी द्या, पोरं खाताना पिळतील. चहाचं याच्या उलट आहे. जेवणासोबत चहा घेतला तर लोह अडून राहतं. जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी चहा नको.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं, असं पुष्कळ जणी मानतात. बिटात लोह फारसं नसतं. गुळाच्या लहान खड्यातूनही थोडंच मिळतं. हे खाऊ नका असं नाही, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. हळीव, तीळ, बाजरी, मटकी, पालेभाजी यांवर भर द्या. भाजी लोखंडी कढईत केली तर तिच्यातही थोडं लोह उतरतं. फक्त झाली की भांड्यातून काढून ठेवा.

आता वेळेचं बघू. सकाळी डब्याला वेळ लागतो तो शिजवण्यापेक्षा निवडण्यात, चिरण्यात आणि 'आज काय करू' हे ठरवण्यात. ही तिन्ही कामं आदल्या रात्री उरकतात. जेवणं झाली की मेथी निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. लसूण सोलून ठेवा. डबा संध्याकाळीच घासून पालथा घाला. कांदा मात्र सकाळीच चिरा. ही निवडानिवड एकटीने करायची नाही. टीव्हीसमोर बसल्या बसल्या मुलगा मटकी निवडू शकतो, घरधनी लसूण सोलू शकतात. नववीतल्या मुलाने आपला डबा आपण घासला तर त्याचा हात झिजत नाही.

मटकीचा हिशोब असा ठेवा: सकाळी भिजत घाला, संध्याकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी मोड येतात, थंडीत आणखी अर्धा दिवस लागतो. गाठोडं चुलीजवळच्या उबेला ठेवलं तर लवकर येतात. मोड आलेली मटकी लवकर शिजते आणि तिच्यातलं लोह अंगाला जास्त लागतं.

सगळ्यात जास्त वेळ वाचवते ती भाजणी. आमचं प्रमाण लिहून घ्या: ज्वारी १ किलो, बाजरी अर्धा किलो, गहू पाव किलो, तांदूळ पाव किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, उडदाची डाळ पाव किलो, धने १०० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर खमंग भाजा. पूर्ण गार झाल्यावरच गिरणीत न्या, गरम दळलं तर पीठ ओलसर होतं. बाजरीचं कच्चं पीठ चार-आठ दिवसांत कडवट होतं, पण भाजलेली बाजरी असली की पीठ जास्त टिकतं. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून महिन्याभरात संपवा. पावणेतीन किलोच्या आसपास पीठ होतं. मध्यम आकाराची पन्नासेक थालीपिठं निघतात. या पिठात धान्य आणि डाळ दोन्ही आलं. म्हणजे आपल्या तीन बोटांतली दोन बोटं एका तव्यावर झाली.

हे गटाने करायला फार सोपं आहे. दहा जणींचा गट असेल तर सगळं दहापट घ्या. एकीने ज्वारी भाजायची, दुसरीने बाजरी, तिसरीने डाळ, असं वाटून घ्या. एका दुपारी भाजून होतं, दळण एकदाच, पैसे वाटून. प्रत्येकीच्या घरी महिन्याचं पीठ जातं. जवस, कारळं, तीळ, शेंगदाणे यांच्या चटण्याही अशाच एकत्र कुटता येतील.

आता आठवड्याचे सहा डबे सांगतो. भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे 'काय करू' हा विचारच नको.

सोमवार: भाजणीचं थालीपीठ. पिठात रात्री निवडलेली मेथी, सकाळी चिरलेला कांदा, तीळ, ओवा घाला. गरम पाण्यात मळलं की मऊ राहतं. सोबत पेरू.

मंगळवार: मटकीची कोरडी उसळ आणि पोळी. रस्सा नको, डब्यात सांडतो आणि लवकर आंबतो. सोबत लिंबाची फोड.

बुधवार: दशमी. ज्वारीचं पीठ कोमट दुधात मळून केली की दुपारपर्यंत वाळत नाही. प्रवासाला आपल्या आज्या हीच बांधून द्यायच्या. सोबत जवसाची चटणी आणि आवळा.

गुरुवार: मूगडाळ घालून मेथीची कोरडी भाजी आणि भाकरी. चहा ठेवताना डाळ भिजत घाला, भाजी फोडणीला टाकेपर्यंत ती तयार होते. सोबत लिंबू.

शुक्रवार: मटकी किंवा मसूर घातलेला मसालेभात, सकाळी ताजा केलेला. वरून भाजलेले शेंगदाणे. सोबत बोरं किंवा आवळा.

शनिवार: सकाळची शाळा, डबा लवकर उघडतो. ज्या घरी अंडं चालतं तिथे उकडलेलं अंडं आणि पोळी. नाही चालत तिथे झुणका-पोळी. सोबत हळिवाचा किंवा तिळाचा छोटा लाडू आणि पेरू.

डबा सातला भरला आणि एकला खाल्ला तर मध्ये सहा तास जातात. म्हणून काही गोष्टी सांभाळा. गरम अन्नावर लगेच झाकण लावू नका, वाफेचं पाणी सुटून आतलं लवकर खराब होतं. पोळ्या-भाजी गार होऊ द्या, मग झाका. ओल्या खोबऱ्याची चटणी, दहीभात, पातळ भाजी उन्हाळ्याच्या डब्यात नको. रात्रभर बाहेर राहिलेला भात डब्यात तर नकोच. त्यात जंतूंनी तयार केलेलं विष फोडणी दिली तरी जात नाही. रात्रीचा भात मोजकाच लावा म्हणजे उरणार नाही.

पैशाचंही बोलू. रोज दहा रुपयांचं चकचकीत पाकीट, महिन्याला शाळेचे पंचवीस दिवस, म्हणजे एका पोराचे अडीचशे रुपये. पाकिटात मीठ आणि तेलच जास्त. त्या पैशात किलोभर शेंगदाणे येऊन वर पैसे उरतात. पोरांना पाकिटाची सवय असेल तर एकदम बंद करून रडारड नको. शनिवारचा लाडू त्यांच्या हाताने वळू द्या, आवडीची चटणी त्यांना निवडू द्या. स्वतः केलेलं पोरं परत आणत नाहीत.

शेवटी आपल्या डब्याविषयी. आपण लेकीचा डबा भरतो, लेकाचा भरतो, कारभाऱ्यांचा भरतो. उरलेली भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून आपण वेचणीला जातो. भाजी उरली तर घेतो, नाही तर तशीच. दिवसभर वाकून काम करणाऱ्या अंगालाही उसळ लागते, लिंबू लागतं. घरात तीन डबे भरत असाल तर मटकी चार डब्यांची भिजत घाला. उरलं तर घेऊ, असं नाही. मापातच आपला वाटा धरायचा. आणि बांधावर बसून जेवताना सोबत चहा नको, तो तासाभराने घ्या. आई पोटभर आणि सर्वांबरोबर जेवते हे लेकीने पाहिलं, तर उद्या तीही स्वतःला शेवटी ठेवणार नाही.

पुढच्या बैठकीसाठी एक काम. प्रत्येकीने एका आठवड्याचे डबे वहीत मांडायचे: कुणाचा डबा गेला, तीन बोटांतलं काय होतं, काय राहिलं. एक रकाना स्वतःच्या नावाचा ठेवायचा. बैठकीत वह्या एकमेकींना दाखवा आणि भाजणीचा दिवसही त्याच बैठकीत ठरवा. तुमच्याकडे एखादा टिकाऊ, झटपट डबा होत असेल तर आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांना सांगू. भेटू या, मैत्रिणींनो. नमस्कार.