ऋषभ : नाव एक, उच्चार दोन

प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांचे नाव जैन कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आवडीने ठेवले जाते. ‘ऋषभ’ म्हणजे वृषभ. तेच प्रभूंचे लांछन. मूळ ‘ऋ’ स्वर आज बोलण्यात उरलेला नाही. मराठी व गुजराती घरांत ‘रुषभ’, तर हिंदी भाषकांत ‘रिषभ’ असा उच्चार होतो. दोन्ही परंपरेनेच आलेले. त्यावरून घरी व आजोळी वाद नसावा. अडचण येते ती इंग्रजी अक्षरांत. जन्मदाखल्यावर ‘आर’नंतर ‘यू’ आणि बँक खात्यावर ‘आय’ असेल, तर एकच बालक कागदोपत्री दोन व्यक्ती ठरते. जन्मनोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क नोंदविता येते. तत्पूर्वी स्पेलिंग एकमताने ठरवावे व सर्वत्र तेच लिहावे. हाक मात्र कोणत्याही उच्चाराने, प्रेमाने मारावी.